तळघरात दर पावसाळ्यात पाणी येतं? रंगाचा डबा आणण्याआधी पाण्याची वेळ लिहा

मृगात काही होत नाही. आर्द्रातही नाही. पुनर्वसू लागलं, सलग चार दिवस सूर्य दिसला नाही, की पाचव्या दिवशी सकाळी तळघराच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवताना 'चपक्' असा आवाज येतो. आमच्या घरी हे सहा वर्षं चाललं. त्यातली पहिली तीन वर्षं मी चुकीच्या जागी पैसे घातले. ते कुठे गेले आणि शेवटी कशाने फरक पडला, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

घर फोंडा तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. पुढून पाहिलं तर एकमजली, मागच्या अंगणातून पाहिलं तर दुमजली. खालच्या खोलीची एक लांब भिंत पूर्ण डोंगरात गेलेली आहे आणि तिच्या समोरची भिंत कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, बाजूला उघडी आहे. गोव्यात सपाटीवर तळघर क्वचितच दिसतं, पण उतारावरच्या घरांना अशी अर्धी जमिनीतली खोली बऱ्याच ठिकाणी असते. सासूबाईंच्या वेळी इथे नारळ, भात आणि पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सामान असायचं. शेणाची जमीन, गिलावा न केलेले चिरे, वर दोन झरोके. पाणी तेव्हाही यायचं, पण यायचं आणि जायचं. मग आम्ही मुलाच्या अभ्यासासाठी खोली 'नीट' करायला घेतली. टाईल्स घातल्या, सिमेंटचा गिलावा केला, झरोके बुजवून खिडकी बसवली. पुढच्याच जुलैत ओल सुरू झाली.

आधी जीव, मग भिंत

खोलीत पाणी साचलेलं दिसलं की त्यात उतरू नका. आधी वरच्या मजल्यावरून मेन स्विच बंद करा. मेन स्विचच खाली असेल आणि तिथे जायला पाण्यातून जावं लागत असेल, तर लाईनमनला बोलवा. तो येईपर्यंत पाणी राहिलं तर राहू दे. वायरमनकडून दोन गोष्टी करून घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा, आणि तळघरातले सगळे प्लग-पॉइंट कंबरेच्या वर न्या. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी खाली ठेवू नका. वीज गेली म्हणून पंप चालवायला जनरेटर आणलात तर तो घराबाहेरच ठेवा. बंद खोलीत त्याच्या धुराने माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही.

पाणी गुडघ्याच्या वर असेल तर एका दमात उपसू नये, हेही मला उशिरा कळलं. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते आणि ती भिंतीला आत ढकलत असते. आतलं पाणी तिला थोडा तोल देत असतं. एक मीटर उंच साचलेलं पाणी भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब देतं. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत ना सळई, ना काँक्रीट. पाणी टप्प्याटप्प्याने काढा, दिवसाला तिसरा हिस्सा, आणि भिंतीवर लक्ष ठेवा. भिंत पोटाला फुगलेली किंवा आडवी तडा गेलेली दिसली तर बाहेर या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तिथे गवंड्याचा अंदाज पुरत नाही.

पाय बुडवावाच लागला तर गमबूट घाला. उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या बारीक जखमेतून शरीरात शिरतो. पाण्यात उतरल्यावर पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना पाण्याचं आवर्जून सांगा.

माझे अठ्ठावीस हजार

पहिल्या वर्षी एका ठेकेदाराने आतून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात दिले. मे महिन्यात भिंत आरशासारखी. जुलैत तिच्यावर फोड आले, अगदी तव्यावरच्या पोळीला येतात तसे. एक फोड मी सुईने टोचला तर बारीक धार उडून माझ्या चष्म्यावर आली. त्या क्षणी खरं तर सगळं समजायला हवं होतं: पाणी भिंतीच्या पलीकडून येतं आहे आणि रंगाला आतल्या बाजूने ढकलतं आहे. छत्री आपण पावसाच्या बाजूला धरतो, इथे आम्ही ती पाठीमागे धरली होती.

दुसऱ्या वर्षी तोच ठेकेदार भिंतीत मुरून भेगा बुजवणारं रसायन घेऊन आला. काँक्रीटमध्ये अशी रसायनं काम करतात, कारण सिमेंटमधल्या चुन्याशी त्यांची प्रक्रिया होऊन बारीक स्फटिक तयार होतात. चिऱ्यात सिमेंट कुठलं? चिरा म्हणजे जांभा, भोकाभोकांचा दगड. वरवरच्या गिलाव्यात थोडं काम झालं, पाण्याने तो गिलावा सोडला आणि खाली टाईलच्या सांध्यातून वाट काढली. दोन वर्षांचे मिळून अठ्ठावीस हजार गेले. ठेकेदार तिसऱ्या वर्षी फोन उचलेना.

तिसऱ्या वर्षी पंप आणला. अर्ध्या एचपीचा, पाण्यात बुडणारा, फ्लोटवाला. कोपऱ्यात खड्डा केला, पंप आपोआप सुरू होई, आपोआप बंद होई. दिवसभर चालूच. रात्रीही चालूच. दोन दिवसांनी पाईपचं बाहेरचं तोंड बघायला गेले तर ते भिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर, वरच्याच अंगाला सोडलेलं. म्हणजे आम्ही तेच पाणी वीजबिल भरून गोल फिरवत होतो.

वही

चौथ्या वर्षी मी काहीच विकत घेतलं नाही. दहावीच्या मुलाची एक अर्धी रिकामी वही घेतली, खोलीच्या भिंतीवर खडूने जमिनीपासून सेंटिमीटरच्या रेघा मारल्या, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तीन गोष्टी लिहिल्या: पाऊस कधी लागला आणि कधी थांबला, खोलीत पाणी कधी दिसलं, कुठल्या कोपऱ्यातून आलं. पावसासाठी सरळ बाजूंचा प्लास्टिकचा डबा गच्चीवर ठेवला आणि त्यात पट्टी. हवामान खात्याइतकं काटेकोर नाही, पण आपल्या कामाला पुरेसं.

तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी एक पावसाळा एवढं करा. पाणी कोठून येतं हे ते तोंडाने सांगत नाही, वेळेने सांगतं.

सर लागल्यावर तासाभरात आलं आणि सर थांबल्यावर काही तासांत ओसरलं, तर ते वरचं पाणी. छपराचं, अंगणाचं, तुंबलेल्या गटाराचं. दोन-तीन दिवस संततधार लागल्यानंतर आलं आणि पाऊस थांबल्यावरही आठवडाभर येत राहिलं, तर ते जमिनीतलं पाणी, डोंगराचा पाझर. पाऊस असो-नसो, मार्च महिन्यातही एकाच जागी ओल दिसते, तर आधी नळाची लाईन तपासा. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी पुन्हा बघा. पाणी घाण वासाचं असेल तर सेप्टिक टँक आणि सोकपिट (शोषखड्डा) तपासा. पावसाळ्यात सोकपिटच्या भोवतालची जमीनच भरलेली असते, मग मैला जायचा कुठे? तो खालच्या मजल्याच्या संडासातून किंवा न्हाणीच्या जाळीतून मागे येतो. त्या लाईनवर पाणी उलट न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवा. आणि आवारात विहीर असेल तर तिचं पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका.

आणखी एक वेळ आहे, ती आमच्या डोंगरात लागू नाही, पण पणजीत आहे. माझ्या मावसबहिणीच्या सोसायटीत, सांतिनेजकडच्या सखल भागात, पार्किंगमध्ये पाणी येतं. मी तिला वही लिहायला लावली. चार दिवसांत ती म्हणाली, "अगं, हे पाणी रोज पाऊण-एक तास उशिरा येतं!" भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. शहरातली गटारं खाडीत आणि मांडवीत उघडतात. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की पाणी बाहेर पडत नाही, उलट आत येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे जास्त. तिथे भिंतीला काही लावून उपयोग नाही. गटाराच्या तोंडाला झडप, पार्किंगच्या उताराच्या माथ्यावर उंचवटा, आणि लिफ्टचा खड्डा उपसायला पंप. पूर्वजांनी खाजन शेतीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानस, म्हणजे पाण्याची झडप, बांधली ती याच हिशेबाने: भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं.

आमच्या वहीने काय सांगितलं

दोन पाणी होती. इतकी वर्षं आम्ही त्यांना एक समजत होतो.

पहिलं पाणी दारालगतच्या कोपऱ्यात, मोठ्या सरीनंतर चाळीस मिनिटांत. हे छपराचं. हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिमी पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून जास्त जून-जुलैत. जुलैतल्या एखाद्या दिवशी १०० मिमी म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. आमच्या पागोळ्या थेट भिंतीच्या बुडाशी पडत होत्या. पन्हळ लावलं होतं, पण त्याचा उतरता पाईप जमिनीपाशी तुटलेला, मागे जास्वंदीची झुडपं, म्हणून कोणाला दिसलं नाही.

दुसरं पाणी डोंगराच्या भिंतीतून, साधारण गुडघ्याच्या उंचीपासून खाली, चौथ्या-पाचव्या दिवशी. पाऊस उघडल्यावरही नऊ दिवस येत राहिलं. हे समजायला जमीन समजून घ्यावी लागते. वर जांभा, सच्छिद्र, पाणी पिऊन टाकणारा. त्याच्या खाली चिकण, पांढरट-पिवळी माती, किनारपट्टीवर तिला शेडी म्हणतात. जांभ्यातून उतरलेलं पाणी शेडीवर अडतं आणि उताराकडे आडवं चालू लागतं. जिथे ही रेघ उघडी पडते तिथे झरा फुटतो. गोव्यातल्या डोंगरांच्या पायथ्याचे कितीतरी झरे असेच आहेत. आमचं घर बांधणाऱ्यांनी डोंगर कापला तेव्हा ती रेघ नेमकी आमच्या भिंतीमागे उघडी पडली होती. थोडक्यात, आमच्या घरात झरा आहे. लोक पैसे भरून आंघोळीला जातात, आम्ही पुसतो.

विहिरीने हे पक्कं केलं. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप घेतला, पाणी भरलं, एक टोक तळघराच्या जमिनीला लावलं, दुसरं विहिरीत सोडून त्याच पातळीला आतल्या चिऱ्यावर तांबडी खूण केली. मग रोज विहिरीचं पाणी त्या खुणेच्या खाली की वर, एवढंच बघायचं. सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला, मुलं विहिरीत उड्या मारत होती तेव्हा पाणी खुणेच्या बरंच खाली होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खूण बुडाली, आणि त्याच दोन दिवसांत तळघराच्या भिंतीला घाम फुटला. ऑगस्टअखेर खूण पुन्हा दिसली, भिंत थांबली. विहीर घराच्या वरच्या अंगाला असेल तर तिची पातळी जास्त दिसणार हे लक्षात ठेवा. आमची जवळपास बरोबरीला आहे, म्हणून जुळलं.

खूण बुडालेली असताना खोलीतलं पाणी उपसणं म्हणजे अख्खा डोंगर उपसणं. तेव्हा पाण्याला अडवायचा विचार सोडला आणि त्याला घराला वळसा घालून न्यायचं ठरवलं. उताराच्या घराची एक चांगली गोष्ट असते, खालची बाजू उघडी असते. पाणी आपल्या वजनाने जातं, पंप लागत नाही.

केलेलं काम

छपराचं पाणी दोन दिवसांत सुटलं. पन्हळ साफ केलं, उतरता पाईप बदलला, तो जमिनीखालून घरापासून दहा मीटर लांब कुळागराच्या पाटात सोडला. भिंतीलगत मीटरभर रुंदीचा कोबा घातला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. खर्च आठ-नऊ हजार. दारालगतचा कोपरा त्यानंतर एकदाही भिजला नाही. सहा वर्षांतलं सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात उशिरा केलेलं. एक सांभाळा: आपलं पाणी शेजाऱ्याच्या भाटात (बागायतीत) सोडलं तर तो प्रश्न पंचायतीत जातो.

डोंगराकडची भिंत मार्च-एप्रिलमध्ये घेतली. बाहेरून भिंतीलगत चर खणायचा, तळघराच्या जमिनीपेक्षा थोडा खोल, पण पायाच्या तळाच्या खाली कधीच नाही. आणि संपूर्ण लांबी एकदम उघडायची नाही. आमच्या मेस्ताने (गवंड्याने) दीड-दीड मीटरचे तुकडे केले, एक उघडायचा, पूर्ण करून बुजवायचा, मग एक सोडून पुढचा. खोल चरात माणूस उतरवताना बाजूंना फळ्या आणि टेके लागतात, ओल्या मातीत तर नक्कीच. पावसाळ्यात हे काम कोणी सांगितलं तरी करू नका. शिवाय नवीन डोंगरकापणी म्हणजे वेगळा विषय. गोव्याच्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याच्या, १९७४ च्या, १७-अ कलमाखाली त्याला आधी परवानगी लागते. आपल्या भिंतीलगतचा चर आणि डोंगर कापणं यातली रेघ कुठे, ते खणण्याआधी तालुक्याच्या नगर नियोजन कार्यालयात विचारून घ्या.

चरात आधी भिंतीची बाहेरची बाजू घासून, सांधे भरून, गिलावा आणि त्यावर कोटिंग. तेच कोटिंग, पण आता पाण्याच्या बाजूने. मग चराच्या तळाशी जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) पसरलं, त्यावर २० मिमी खडीचा थर, त्यावर भोकं पाडलेला ११० मिमीचा पीव्हीसी पाईप, १०० ला १ उतारात. वर पुन्हा खडी, आणि कापडाची घडी वरून मिटली, पातोळी करताना हळदीचं पान मिटतात तशी. कापड नसेल तर शेडीचा गाळ दोन पावसाळ्यांत खडी बंद करतो.

पाईप ठेवताना मेस्ताचं आणि माझं वाजलं. त्याने भोकं वर केली.

"मेस्ता, भोकं खाली करा."

"बाय, पाणी वरून पडतं. खाली भोकं ठेवली तर आलेलं पाणी परत जाईल ना जमिनीत."

"पाणी चरात खालून वर चढतं. भोकं वर असली तर अख्खा पाईप बुडेपर्यंत ते आत शिरणारच नाही."

त्याने डोकं खाजवलं, मग घमेल्यात खडी भरली, पाईपचा तुकडा भोकं वर करून ठेवला आणि कडेने हळूहळू पाणी ओतलं. घमेलं पाईपच्या डोक्यापर्यंत भरलं तरी पाईप आतून कोरडा. पाईप उलटा करून पुन्हा ओतलं, लगेच टोकातून धार आली. "असं होय," म्हणाला, आणि आधी ठेवलेले तीन मीटर पाईप स्वतःच काढून फिरवले. चांगला माणूस. त्यानंतर त्याने गावात आणखी दोन घरी हेच काम केलं.

पाईपच्या वळणावर एक उभा पाईप झाकणासह वर काढून ठेवा, पाणी मारून गाळ धुवायला. आम्ही दर मे महिन्यात धुतो. बाहेरच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि कधी साप आत राहायला जातात.

तुमच्या जागेत बाहेरून खणणं शक्य नसेल, शेजाऱ्याची भिंत चिकटून असेल, तर हेच आतून करता येतं: भिंतीलगत जमिनीत अरुंद नाली, एका कोपऱ्यात खड्डा, त्यात फ्लोटचा पंप, त्याच्या पाईपवर पाणी परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह. बाहेरचं तोंड लांब आणि उताराच्या खाली. पाऊस आणि वीज यांचं गोव्यात जमत नाही, तेव्हा पंपाला बॅकअप हवाच. भिंत ओली राहील, जमीन कोरडी राहील. काही घरांना तेवढं पुरतं.

पाणी थांबलं, तरी कपाटाला बुरशी

चर झाल्यावरच्या पहिल्या जुलैत पाणी आलं नाही, तरी पुस्तकांवर पांढरी लव आणि चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी. मला रडू आलं. पुन्हा शोध.

अॅल्युमिनियम फॉईलचा फूटभर तुकडा घ्या. भिंतीचा तेवढा भाग हेअर ड्रायरने सुकवा आणि फॉईलच्या चारी कडा पुट्टीने बंद करून चिकटवा. दोन दिवसांनी बघा. फॉईलची भिंतीकडची बाजू ओली असेल तर ओल भिंतीतून येते. खोलीकडची बाजू ओली असेल तर ती हवेतली वाफ आहे. आमची खोलीकडची बाजू ओली होती.

आणि ही वाफ मीच आत घेत होते. 'हवा खेळू दे' म्हणून खिडकी दिवसभर उघडी. जुलैत बाहेरची हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर ती हवा सुमारे २६ अंशांच्या कुठल्याही वस्तूला लागली की दव सुटतं. तळघराची जमीन आणि मागची भिंत तेवढी थंड असतेच. म्हणजे पावसाळ्यात तळघराची खिडकी उघडणं म्हणजे थंड ताकाच्या तांब्याभोवती पाणी जमतं तसं भिंतीभोवती जमवणं. खिडकी उघडायची ती ऑक्टोबरपासून मेपर्यंत. पावसाळ्यात बंद ठेवून डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) चालवा, आणि स्वस्तात मिळणारं आर्द्रतामापक भिंतीला टांगा. ६० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशी धरत नाही, ७० च्या वर गेलं की धरायला लागते. छोट्या कपाटात कॅल्शियम क्लोराईडच्या पुड्या चालतात. अख्ख्या खोलीला त्या पुरत नाहीत, कितीही जाहिराती असू देत. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, ती खोलीभर उडते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरायचं तर एकटं वापरा. संडास धुण्याच्या आम्लाबरोबर ते मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. चटया, गाद्या, तांदळाची पोती भिजून काळी पडली असतील तर वाळवत बसू नका, टाका.

आणि पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नाही. बोटाने पाण्याचा थेंब लावून बघा. विरघळून गेलं तर तो खार, फासलं गेलं तर बुरशी. खार म्हणजे भिंतीतलं पाणी बाहेर येताना मागे सोडतं ते मीठ. गिलाव्यात खाडीची न धुतलेली रेती पडली असेल तर हा खार कायमचा. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि भिंत दर पावसाळ्यात आपोआप पाघळते. तिथे गिलावा काढून नव्याने करण्यावाचून इलाज नाही.

तळघर नाही, तरी भिंत कमरेपर्यंत ओली

माझ्या नणंदेचं पर्वरीचं घर सपाटीवर आहे. दोन वर्षांपासून सगळ्या बाहेरच्या भिंतींना जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर भरतीच्या रेघेसारखी रेघ आणि तिच्याखाली पोपडे. मी गेले, अंगण बघितलं आणि विचारलं, "हे पेव्हर कधी घातले?" दोन वर्षांपूर्वी. पेव्हरखाली भर टाकली, अंगण सात-आठ इंच वर आलं आणि जोतं बुडालं. जोत्यावर ओल अडवणारा जो थर असतो तो बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिमी उंच हवा. अंगण त्याच्या वर गेलं की तो थर असून नसल्यासारखा, माती थेट भिंतीला पाणी पाजते. जुनी घरं उंच जोत्यावर का बांधत ते अशा वेळी कळतं. भिंतीलगत फूटभर रुंद पट्टीतले पेव्हर काढून जमीन खाली घेतली, तिथे खडी भरली. दुसऱ्या वर्षी रेघ वर चढली नाही.

वाळायला वेळ द्या, हे मात्र सगळ्यांनाच. जाड भिंतीला इंचाला साधारण महिना धरतात. सगळ्यांना चतुर्थीच्या आधी रंग हवा असतो, आणि चतुर्थी नेमकी भिंत सगळ्यात ओली असताना येते. आम्ही तळघराचा सिमेंटचा गिलावा काढून टाकला, पुढचा उन्हाळा चिरे उघडे ठेवले आणि मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी केली. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक इमल्शन लावलं असतं तर पुन्हा फोड आले असते. बुजवलेला एक झरोकाही परत उघडला, त्याला पावसाळ्यापुरतं लाकडी झाकण आहे.

गेल्या जुलैत विहिरीतली तांबडी खूण सहा आठवडे पाण्याखाली होती. खोलीत पाणी आलं नाही. फक्त जिन्यामागच्या कोपऱ्यात, जिथे फणसाच्या मुळांमुळे चर दोन मीटर आधी थांबवावा लागला, तिथे चार दिवस हातभर ओल दिसली. वहीत लिहून ठेवली आहे. मेस्त म्हणतो मुळांना वळसा घालून पाईप नेता येईल, पण फणस उतरल्यावरच येईन.